पान पावसाचं, खोड उन्हाचं

शिंदळ माकुडी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या स्वयंपाकघरात. अण्णा गडावरून परतले होते. पँटला कुसळं चिकटलेली, चपला हातात, आणि पाय धुवायच्या आधीच ते आईला सांगत होते, "आज शिंदळ माकुडी बघितली. फुलं होती अंगावर." तांदूळ निवडत बसलेली आजी ताटावरची नजर न काढता म्हणाली, "पोरीबाळींच्या घरात असले शब्द काढू नयेत रे."

शिंदळ हा शब्द बाईला लावला की शिवी होते. अण्णांनी घाईघाईनं सांगितलं की हे झाडाचं नाव आहे, माकडशिंगाच्या नात्यातल्या. माकडशिंग म्हटल्यावर आजीचा चेहरा निवळला. लहानपणी गुरांमागे फिरताना तिनं ते मिठाबरोबर कच्चंच खाल्लं होतं. हिरव्या चौकोनी काड्या, तोंडात टाकल्या की तहान थोडी मागे हटायची. "त्याचीच बहीण म्हणायची," अण्णा म्हणाले. "पण हिला पानं असतात."

अण्णा तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. वनस्पतीशास्त्राची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. श्रावण-भाद्रपदातल्या रविवारी एक लहान फळा, चार चिमटे, पेन्सिली आणि रंगांची पत्र्याची पेटी पिशवीत टाकून ते डोंगरात जायचे आणि जे बसून काढता येईल ते काढायचे. तेरडा, सोनकी, कळलावी, आभाळी. चित्र काढणाऱ्याला झाडाचं नाव नसलं तरी चालतं, पण पान खोडाला कुठे जोडलं आहे हे चुकून चालत नाही. म्हणून "पण हिला पानं असतात" हे त्यांना दिसलं. त्या वाक्यात या वनस्पतीचं अर्धं शास्त्र होतं, हे मला कळायला मात्र वीस वर्षं जावी लागली.

माकडशिंगाचा गोतावळा मोठा आहे. आफ्रिकेत त्याच्या कितीतरी जाती, तिथून अरबस्तानावरून तो थेट आपल्या माळरानांपर्यंत येतो. सगळ्यांची ठेवण साधारण सारखी: जाड, रसाळ, कंगोरे असलेलं खोड आणि पानांच्या जागी नुसती खूण, एखादा खवला किंवा टोक. कोरड्या मुलखात पान परवडत नाही, त्यातून पाणी उडून जातं. म्हणून या सगळ्यांनी पानं टाकली आणि पानांचं काम हिरव्या खोडावर सोपवलं. सह्याद्रीतल्या या एकीनं ती टाकली नाहीत. शिंदळ माकुडीला चांगली ठसठशीत पानं येतात, बोटभर लांबीची, मांसल, पोपटीपेक्षा जरा गडद. पाऊस पडला की येतात, पाऊस सरला की पिवळी पडून गळतात. उन्हाळ्यात उरतं ते राखाडी हिरवं, सुरकुतलेलं, दोरासारखं कातळावर लोळणारं खोड. ते पाहून कुणालाही वाटावं की हे वाळलंय.

वाळलेलं नसतं. झाडं दिवसा पानांची बारीक रंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि त्याच वाटेनं त्यांचं पाणी बाहेर जातं. निवडुंगासारख्या वनस्पतींनी यावर तोड काढली आहे. त्या दिवसा दारं बंद ठेवतात आणि रात्री, गारव्यात, उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा सूर्य वर आला की बंद दाराआड त्याचं अन्न करायचं. 1977 साली लांगे आणि झुबर या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की शिंदळ माकुडी दोन्ही रीती पाळते. पानं दिवसाच्या रीतीनं जगतात, खोड रात्रीच्या. पान पावसाचं, खोड उन्हाचं, आणि मूळ एकच.

हे वाचलं तेव्हा मी नोकरीला लागून पुण्यात स्थिरावले होते. त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. अण्णांना सगळं समजावून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझी चित्रं अर्धीच झाली. मी तिला फक्त भाद्रपदात काढली." त्या वर्षी मे महिन्यात, गुडघा दुखत असताना, ते पुन्हा गडावर गेले आणि नुसत्या खोडाचं चित्र काढून आणलं. कातळाच्या करड्यावर खोडाचं करडं. मला त्यांच्या सगळ्या चित्रांत ते सर्वांत आवडतं.

मी स्वतः तिला पाहिलं त्याला आता चाळीस वर्षं होतील. आठवीत होते. गडाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पहाटेच्या एसटीनं पायथ्याच्या गावात उतरलो. माचीपर्यंत धुकं होतं, आणि अण्णा पुढे, मी मागे, अशा ओल्या गवतातून आम्ही कड्याच्या पदराला लागलो. तिथे एक गुराखी आजोबा घोंगडीची खोळ करून बसले होते. अण्णांची त्यांच्याशी जुनी ओळख असावी, कारण काही न विचारता त्यांनी काठीनं वर दाखवलं. "त्या घळीच्या डाव्या अंगाला बघा. लांबनं मटनाचा तुकडा पडल्यावानी वाटतंय."

दुर्बीण माझ्या हातात आली. आधी नुसता कातळ दिसला, पाण्यानं काळा झालेला. मग शेवाळ, मग एक भेग, भेगेतून खाली ओघळलेल्या हिरव्या फांद्या, आणि त्या फांद्यांना पानांच्या बगलेत बसलेली फुलं. रुपयाच्या नाण्याएवढी, पाच टोकांची चांदणी. रंग असा की त्याला लाल म्हणवेना आणि तपकिरीही. मखमलीवर सावली पडावी तसा, आणि त्यावर पिवळ्या खुणा. अण्णा म्हणाले, "हा रंग पेटीत नाही." त्यांनी क्रिमसन लेकमध्ये बर्न्ट अंबर घालून पाहिला, मग थोडा काळा, मग पुन्हा क्रिमसन. चित्राच्या कडेला त्या प्रयत्नांचे सात-आठ ठिपके आहेत. एकही जुळला नाही असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. मला पाचवा ठिपका बरोबर वाटतो.

मटनाचा तुकडा ही उपमा त्या आजोबांनी सहज दिली, पण तिच्यात फुलाचं गुपित आहे. या घराण्यातली बरीच फुलं मधमाश्यांसाठी नसतात, माश्यांसाठी असतात. साध्या, घरात येणाऱ्या, आपण फडक्यानं हाकलतो तसल्या माश्यांच्या जातीसाठी. म्हणून मांसाचे रंग, मखमल आणि कडेची बारीक लव.

आणि परागाची देवाणघेवाण तर अशी आहे की ती समजून घेतल्यापासून मी रुईच्या झाडावरून नुसती पुढे जाऊ शकत नाही. कारण रुई याच कुळातली. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, जिची शेंग फुटली की चंदेरी केसांच्या म्हाताऱ्या हवेत उडतात आणि पोरं त्यांच्या मागे धावतात, ती रुई. इतर फुलांत पराग म्हणजे पिवळी धूळ, मधमाशीच्या अंगाला लागेल तेवढी लागते, बाकी सांडते. रुईच्या आणि माकुडीच्या फुलात धूळ नसते. पराग इवल्या पिंडांच्या जोड्यांत घट्ट बांधलेला असतो, आणि जोडीतली दोन पिंडं मधल्या एका चिमट्याला दोन बाजूंनी लटकवलेली असतात. कावडीसारखी. माशी फुलावर बसते, तिच्या पायाचा किंवा सोंडेचा एखादा केस एका चिरेत सरकतो, ती जोर लावून सुटायला बघते, आणि चिमटा तिच्या केसाला पकडतो. माशी उडते ती कावड घेऊन. पण काम अर्धंच झालेलं असतं. आता त्याच माशीनं त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर बसायला हवं, आणि त्या कावडीतलं एक पिंड तिथल्या तशाच अरुंद चिरेत नेमकं अडकून तुटायला हवं. किल्ली कुलपात जावी तसं. एवढं सगळं जमलं तर शेंगांची जोडी धरते. त्या उकलल्या की याही बियांना रुईसारखेच रेशमी केस असतात, आणि वाऱ्यावर निघालेली ही म्हातारी एखाद्या भेगेत जाऊन पडली, तिथे चिमूटभर माती असली, तर नवं झाड.

जर-तर मोजत बसलं की वाटतं, ही आजवर टिकली कशी?

शास्त्राला ही वनस्पती ठाऊक झाली ती 1860च्या दशकात. निकोल अलेक्झांडर डाल्झेल हे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक. त्यांनी तिच्यासाठी नवी प्रजाती उभी केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं: फ्रेरिया इंडिका. गव्हर्नरांची नावं डोंगरातल्या फुलांना देण्याची ती रीत मला लहानपणी चीड आणायची. फ्रिअर यांनी काय तिला पाहिलं होतं? मग एकदा त्यांचं चरित्र चाळलं. 1847 साली ते साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, होते, आणि सातारचं राज्य खालसा करायला त्यांनी विरोध केला होता. साताऱ्यापासून सज्जनगड काही लांब नाही, आणि सज्जनगडाच्या कड्यावर ही वनस्पती आहे. त्यांनी ती ओळखली असेल असं मी म्हणत नाही. पण एकाच मुलखात दोघं काही काळ होते, एवढ्यानं माझी चीड जरा कमी झाली.

त्यांच्या नावाची आणखी एक गोष्ट आहे. त्याच दशकात मुंबईत त्यांच्या सन्मानार्थ एक कारंजं उभं राहिलं. पण फ्रिअर यांच्याऐवजी, कारंज्याच्या माथ्यावरच्या फुलांच्या देवीचं नाव त्याला पडलं. तेच फ्लोरा फाउंटन. शहराच्या मध्यभागी दगडात बांधलेलं नाव गेलं आणि कड्यावरच्या फुलातलं राहिलं. तेही आता पुरतं नाही. अलीकडे वनस्पतीशास्त्रज्ञांनी फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती मोडून तिला बाउसेरोशिया या दुसऱ्या प्रजातीत घातलं आहे. आता ती बाउसेरोशिया फ्रेरी. आडनाव बदललं, पण फ्रिअर यांची आठवण शेपटासारखी मागे राहिली. गावच्या माणसाला यातलं काहीच लागत नाही. तो काठीनं दाखवतो.

ती आढळते ती पुणे, सातारा आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या डोंगरांत, मोजक्या ठिकाणी. शिवनेरी, पुरंदर आणि शेजारचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, भंडारदऱ्याखालच्या रंधा धबधब्याचा परिसर. ही नावं पुस्तकांत आहेत, ती लिहिण्यानं काही बिघडत नाही. जगात इतरत्र कुठेही ती रानात नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेनं एकेकाळी पृथ्वीवरच्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिला धरलं होतं, आणि भारतातून जिची निर्यात करायला बंदी आहे अशा वनस्पतींच्या यादीत तिचं नाव शिंदळ माकुडी म्हणूनच छापलेलं आहे. आजीला ते दाखवायचं राहून गेलं. सरकारी कागदावर तो शब्द पाहून ती काय म्हणाली असती कोण जाणे.

या नावांकडे जरा निरखून पाहा. बहुतेक किल्ले आहेत. पूर्वी मला वाटायचं की अभ्यासक किल्ल्यांवर जातात म्हणून तिथल्या नोंदी होतात. ते थोडं खरं असेलही. पण कड्याखाली बसून दिवस काढल्यावर मला दुसरं काही दिसू लागलं. डिसेंबर-जानेवारीपासून आमच्याकडचे डोंगर पेटतात. पुढच्या साली गवत चांगलं फुटावं म्हणून कुणी काडी लावतो, कुणी बिडीचं थोटूक टाकतो, आणि वणवा उतारावरून धावत कड्याच्या पायाशी येऊन थांबतो. कातळ काळा होतो, पण वरच्या भेगेपर्यंत जाळ पोचत नाही. तसंच शेळ्यांचं. शेळी बोरीची कोवळी पालवी, काय वाटेल ते खाते आणि कमालीच्या अवघड जागी चढते, पण सरळ उभ्या कड्यावर तिचंही काही चालत नाही. आता किल्ला बांधणाऱ्यानं काय केलं? जिथे कडा मुळात उभा होता तिथे गड बांधला, आणि जिथे चढायला जरा वाव होता तिथे छिन्नीनं कातळ तासून तोही उभा केला. शत्रू चढू नये म्हणून. शिवनेरीवर 1630 साली जिजाबाईंचं बाळंतपण सुखरूप झालं ते त्या कड्याच्या भरवशावर. जो कडा माणसाला चढू देत नाही तो शेळीला आणि जाळालाही देत नाही, आणि अशा कड्याच्या भेगेत एक मऊ, रसाळ, कुणीही खाऊन टाकावं असं झाड शांतपणे वाढत राहतं.

म्हणून मला एक शंका येते. तिला आपण कड्यावरची वनस्पती म्हणतो, पण तिला कडाच हवा असतो, की आता तेवढाच उरलाय? कारण कुंडीत तिला लावा, ती कशी फोफावते पाहा. पोयटा माती, अर्धी खडी, पाणी बेतानं, बस्स. फांदीचा वीतभर तुकडा दोन दिवस सावलीत सुकवून खोचला तरी मूळ धरतो. इतकं चिवट झाड दुर्मीळ व्हायचं कारण त्याच्या नाजूकपणात सापडणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती एकेकाळी पठारांच्या कडेनं, उतारांवरच्या खडकाळ जागीही असावी, आणि जिथे जिथे तोंड पोचलं, आग पोचली, हात पोचला, तिथून ती गेली. जिथे काहीच पोचत नाही तिथे तिचा पत्ता राहिला. हे कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही, माझं आपलं कड्याखालचं निरीक्षण आहे.

हात पोचण्याची गोष्ट आता सांगायला हवी.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी त्याच गडावर गेले होते. एकटीच. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि भाद्रपद सरताना फुलं भरात होती. वरच्या घळीतला जुना झुबका होताच, शिवाय बराच खाली, पदरापासून दोन पुरुष उंचीवर, एक नवा झुबका आला होता. केसाळ बी कधीतरी वरून उतरलं असणार. अण्णांच्या हयातीत, त्यांच्या ओळखीच्या झाडाची ही पुढची पिढी! मला इतका आनंद झाला की मी भराभर फोटो काढले आणि त्या रात्री दहा-पंधरा ओळखीच्या, डोंगरात फिरणाऱ्या माणसांना पाठवले. जागा लिहिली नव्हती. पण एका फोटोत फांद्यांच्या मागे, धुक्यातून, बुरुजाचं टोक दिसत होतं. ज्याला गड ठाऊक आहे त्याला बुरूज दिसला की पत्ता विचारावा लागत नाही.

पुढच्या वर्षी गेले तर खालची भेग रिकामी होती. शेळीनं खाल्लं असतं तर बुडखे राहिले असते. दरड आली असती तर खाली दगड असते. भेगेच्या ओठावर लोखंडाच्या अणकुचीदार हत्याराचे ओरखडे होते आणि आत मुळाएवढी मोकळी जागा. कुणीतरी शिडी किंवा दोर घेऊन आलं होतं, मुळासकट काढून घेऊन गेलं होतं. माझ्याकडून फोटो मिळालेल्यांपैकी कुणी पुढे पाठवला, पुढच्यानं आणखी पुढे, हे आता शोधण्यात अर्थ नाही. बुरूज माझ्या फोटोत होता.

अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना सांगू नये असं आई म्हणत होती, पण मला ते पोटात ठेवता येईना. सांगितलं. ते म्हणाले, "वरची आहे ना?"

"आहे."

मग त्यांनी मला भिंतीवरचं ते चित्र काढून आणायला सांगितलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळचं. चौकटीचे खिळे मीच सोडवले. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीनं तारीख, गडाचं नाव आणि घळीची दिशा लिहून ठेवली होती. विद्यार्थ्यांना ते नेहमी सांगायचे, चित्राखाली जागा आणि वेळ लिहा, नाहीतर ते चित्र अनाथ होतं. त्यांनी खोडरबर मागितला. हात थरथरत होता, म्हणून मनगट मी धरलं. त्यांनी जागेचं नाव पुसलं. तारीख ठेवली. कागद जुना असल्यामुळे तिथला पापुद्रा निघाला आणि एक पांढुरका डाग राहिला. तो आता चित्राचाच भाग झाला आहे.

मी रागावले होते ते नेणाऱ्यावर, पण नंतर नंतर त्याचा चेहरा कल्पनेत आणायचा प्रयत्न केला की मला दुष्ट माणूस दिसत नाही. मला कुंडीला रोज पाणी घालणारा, पान पिवळं पडलं की काळजी करणारा कुणीतरी दिसतो. शिंदळ माकुडीची फांदी कुणाच्याही बागेत रुजते, देशोदेशींच्या रसाळ वनस्पती जमवणाऱ्यांकडे ती आहे, रोपवाटिकेतून वाढवलेली आहे. हवी असेल तर कड्याला हात लावायची गरजच नाही. तरी कड्यावरचीच हवी असं वाटणारी माणसं असतात, आणि त्यांचंही झाडावर प्रेमच असतं. ही गोष्ट मला वणव्यापेक्षा आणि शेळ्यांपेक्षा जास्त घाबरवते.

दुसरं एक भय हल्ली आहे. गडांवर साफसफाईच्या मोहिमा निघतात, चांगल्या मनानं निघतात. वड-पिंपळाच्या मुळांनी तटबंदी फुटते, ती झाडं काढायलाच हवीत. पण दगडाच्या सांध्यातलं हिरवं ते सगळं तण, असं समजून ओढायला लागलं तर उन्हाळ्यातली माकुडी पहिल्यांदा जाईल. कारण तेव्हा तिला पानं नसतात, फुलं नसतात, ती नुसती वाळकी दोरी दिसते. मोहिमा नेमक्या हिवाळ्या-उन्हाळ्यातच असतात. एखाद्या जाणकाराला आधी कड्याखालून फिरवून आणावं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी भेटेल त्या गडप्रेमीला सांगत असते.

चांगलंही घडतं आहे. तिची रोपं वाढवून पुन्हा कड्यांवर लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानं तिच्या चुलत बहिणींना, त्या कंदीलपुष्पांना, आपल्या बागेत जपलं आहे. मला स्वतःला एका अभ्यासक स्नेह्यांनी रोपवाटिकेतल्या रोपाची फांदी दिली, दह्याच्या डब्यात लावून. अण्णा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. पाचव्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत, पश्चिमेच्या कठड्यापाशी ती आहे. पहिल्या उन्हाळ्यात पानं गळाली तेव्हा मीच घाबरून पाणी घालायला निघाले होते. मग भिंतीवरचं करड्यावर करडं चित्र आठवलं आणि तांब्या खाली ठेवला. रात्री उठले की कधी कधी तिच्याजवळ उभी राहते. सगळी कुंडी झोपल्यासारखी दिसते, पण ही तिच्या श्वासाची वेळ आहे हे आता ठाऊक आहे.

मात्र कुंडीतलं झाड आणि कड्यावरचं झाड यांत मला फरक करावाच लागतो. फांदी लावून वाढवलेलं रोप म्हणजे तेच झाड, दुसऱ्या कुंडीत. माझ्याकडची, स्नेह्यांकडची, त्यांनी आणखी चौघांना दिलेली, अशी सगळी मिळून एकच. कड्यावरच्या भेगेत जे बी रुजतं ते नवं असतं, कधीही नसलेलं. त्याला माशी लागते, कावड लागते, वारा लागतो, आणि थोड्या अंतरावर दुसरं कुणीतरी फुललेलं लागतं. त्या वर्षी खालच्या भेगेतून जे नेलं गेलं ते असं नवं होतं. त्याला माझ्या कुंडीनं भरपाई होत नाही.

गेल्या भाद्रपदात, गौरी आल्या त्या दुपारी, मी ओलं फडकं घेऊन गॅलरीचा कठडा पुसत होते. माकुडीला सात फुलं होती. एक माशी आली. हात सवयीनं वर गेला आणि तसाच थांबला. ती पहिल्या फुलावरून दुसऱ्यावर गेली, मधल्या पिवळ्या खुणेपाशी घुटमळली, आत शिरली, अडकली, पंख जोरात फडफडले आणि सुटली. कठड्यावर बसून तिनं पुढचे पाय एकमेकांवर घासले. मी चष्मा कपाळावरून खाली ओढला. सोंडेपाशी काहीतरी पिवळं चिकटलं होतं, दोन बाजूंना दोन, मोहरीच्या चुऱ्याएवढं. तिनं ते झटकायचा एकदा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि कठड्यावरून रस्त्याकडे, गाड्यांच्या वर, समोरच्या इमारतींच्या दिशेनं निघाली. तिकडे कुठेही दुसरी माकुडी नव्हती. फडकं हातात धरून मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.